पिसांची पिशवी

आमच्या घरात कोणतीही गोष्ट धुतल्याशिवाय आत येत नसे. शेतातून आलेला माणूस पाय धुऊन यायचा, विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून यायचं, आणि मेथी, मुळे, पालक तर हौदात तीन-तीनदा बुचकळून निघायचे. कारंजा गावाच्या बाहेर कामरगावच्या रस्त्याला लागून आमचा भाजीपाल्याचा मळा होता आणि घर मळ्यातच होतं. घर म्हणजे चार खोल्या, पुढे ओटा, अंगणात कडुलिंब आणि लिंबाखाली तो सिमेंटचा हौद. पहाटे बाबा आणि काका बंडी भरून बाजाराला निघायचे आणि त्यांच्यामागे माय आणि काकू उद्याच्या भाज्यांच्या जुड्या बांधायला बसायच्या. काकूच्या हातात काचेच्या बांगड्या भरपूर. जुडी आवळताना त्या एका लयीत वाजायच्या, आणि मोटर सुरू असली की त्या दोन आवाजांखेरीज दिवसभर तिसरा आवाज नसायचा. काका-काकूंना मूल नव्हतं आणि मायच्या पदरात माझ्यानंतर कोणी टिकलं नाही, म्हणून चार मोठ्या माणसांत मी एकटीच पोर. माझे फार लाड झाले असतील असं लोकांना वाटतं. चार माणसं चार कामांत असली की एका पोरीकडे बघायला कोणी उरत नाही. मी वाफ्यांच्या बांधावरून एकटीच धावत राहायची, आणि त्या धावण्यानेच मला पुढे हिमालयात नेलं.

आमचं घर महानुभाव पंथाचं. बाबांनी उपदेश घेतलेला होता. घरात अंडं-मटण तर सोडाच, मुंगीवर पाय पडला तरी बाबा दोन क्षण थांबायचे. माणूस मोठ्याने बोलणारा नव्हता, पण त्यांचं नाही म्हणजे नाही असायचं, आणि ते नाही सहसा एका शब्दात यायचं. माय त्यांच्याहूनही कमी बोलायची. पण तिचे हात कधी रिकामे मी पाहिले नाहीत. जुड्या झाल्या की ती जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला घ्यायची. तिचा टाका इतका बारीक आणि सरळ असायचा की कारंज्यातल्या व्यापाऱ्यांच्या बायका नव्या बाळासाठी तिच्याकडून दुपटी शिवून न्यायच्या. मला शिवण आलं नाही. सुई हातात धरली की माझं लक्ष रस्त्यावरच्या एसटीकडे जायचं.

कॉलेजात खेळ शिकवणारे एक सर होते. मला धावताना पाहून त्यांनी माझं नाव मुलींच्या एका गिर्यारोहण शिबिराला पाठवलं. परवानगी मागायला ते स्वतः मळ्यात आले, ओट्यावर बसून बाबांना 'दंडवत' म्हणाले आणि पुढच्या अर्ध्या तासात मुळ्याच्या बियाण्याबद्दलच बोलले. जाताना म्हणाले, पोरीला पाठवा. बाबा म्हणाले, बरं. कॉलेजकडे स्लीपिंग बॅग एकच होती, कोण्या दात्याने दिलेली, हिरवीगार, आत बदकाची पिसं. सरांनी ती माझ्या हातात देताना दहा सूचना दिल्या होत्या. घट्ट गुंडाळून ठेवायची ती फक्त प्रवासात. घरी मोकळी टांगायची. धुवायची वेळ आली तर कोमट पाण्यात, नुसती दाबून. पिळायची नाही, आपटायची नाही, उन्हात घालायची नाही. मी मान हलवली होती. त्या वयात मान हलवायला काय लागतं.

शिबिरात आम्ही तीस-पस्तीस जणी होतो. बहुतेक पुण्या-मुंबईकडच्या, काही नागपूरच्या. पहिल्याच दिवशी मी 'मले पानी देता का' म्हणाले आणि तंबूभर हशा पिकला. त्या वाईट मुली नव्हत्या, थोड्या वेळात हसणं विसरूनही गेल्या. पण मी विसरले नाही. पुढचे बारा-तेरा दिवस मी जेवढ्यास तेवढं बोलले. संध्याकाळी जेवण झालं की मी लवकर बॅगेत शिरायची, चेन नाकापर्यंत ओढायची आणि आत स्वतःशीच आमच्या बोलीत बोलायची. आज कोठी गेलो, काय खाल्लं, पाय किती दुखून राह्यले. त्या हिरव्या कापडाच्या आत मला कोणी हसत नव्हतं. घर सोडून इतक्या दूर मी तोवर गेले नव्हते आणि इतकं एकटं मला मळ्यातही वाटलं नव्हतं.

मग बर्फाचा दिवस आला. सगळं शिबिर त्या दिवसासाठीच होतं. वरच्या खिंडीत बर्फावरून चालायचं, फोटो काढायचा आणि खाली यायचं. आदल्या संध्याकाळपासून मला उंचावरची विरळ हवा लागली. डोकं फुटायला आलं आणि पहाटे बॅगेतून तोंड बाहेर काढायच्या आत मला ओकारी झाली, ती बॅगेच्या गळ्याशी, आतल्या अस्तरावर. शिबिराच्या मॅडमनी नाडी पाहिली आणि सांगितलं, हिला ठेवा खाली. दोन दिवस मी तंबूत पडून होते. स्वयंपाकी दोनदा पातळ खिचडी ठेवून गेला, बाकी कोणी नाही. रुमाल ओला करून मी तो डाग पुसत राहिले आणि तो पसरत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलींचं गाणं दुरून ऐकू आलं, तेव्हा मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं. त्यातल्या एकीने माझ्यासाठी जर्मनच्या मगात बर्फ आणला होता. तिने मला हलवून उठवलं आणि तो मग पुढे केला. आत चार घोट पाणी होतं. 'अगं, मघापर्यंत होता,' ती म्हणाली. मी ते पाणी पिऊन टाकलं.

घरी परतले तेव्हा ज्येष्ठातलं ऊन होतं आणि वांग्याची रोपं लावायची घाई. बाबांनी एकच विचारलं, "खायाले काय देत होते? अंडं-गिंडं तं नाही नं खाल्लं?"

"नाही, बाबा."

"मंग ठीक आहे."

काकू म्हणाली, "मले वाटलं गोरीपान होऊन येशीन. हे तं आनखीन कायी होऊन आली." मायने भाकरी वाढली, आंबाडीची भाजी वाढली, वर तेलाची धार सोडली आणि माझ्या ताटाकडे बघत बसली. कोणीच विचारलं नाही की तिथे काय होतं, कसं होतं. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते, हा प्रश्न वेगळा. तरी मला ते फार लागलं. इतक्या लांबून आलेल्या माणसाला एवढंही विचारू नये? मी दोन घास जास्त खाल्ले आणि झोपायला गेले.

बॅग परत द्यायला गेले तर सर म्हणाले, कॉलेजची सामानाची कोठी गळते, पावसाळाभर घरीच ठेव. मग खाली बघत म्हणाले, "तू वर गेली नाहीस ते कळलं मला. दिवाळीनंतर दुसरं शिबिर आहे. तुझं नाव पाठवतो. बॅग तेवढी धड ठेव, तिच्याशिवाय पाठवता येणार नाही." म्हणजे मला आणखी एक संधी होती. त्या पावसाळ्यात मी तिच्यावरच जगले. पण बॅगेचं मी काय केलं? मोकळी टांगली असती तर तो डाग सगळ्यांना दिसला असता आणि आजारपण सांगावं लागलं असतं. म्हणून मी ती होती तशी, घट्ट गुंडाळून, जवारीच्या कणगीमागे कोंबून ठेवली. धुवायची कशी ते मला ठाऊक होतं. धुतली नाही. चार महिने ती तिथे अंधारात पडून होती, आणि पुढे जे झालं त्यातला पहिला दोष माझाच आहे.

आज हे लिहिताना माझ्या बाथरूममध्ये टब भरलेला आहे. माझी लेक पुण्याला असते, डोंगर चढते, आणि वर्षातून दोनदा तिची स्लीपिंग बॅग मला पार्सलने पाठवते. ती स्वतः येते क्वचित. बॅग मात्र नेमाने येते. मी ती उलटी करते, चेन लावते, कोमट पाण्यात थोडासा पातळ साबण टाकते आणि पाय धुऊन टबात उभी राहून हळूहळू दाबते. पाणी चार वेळा बदलते. उचलताना दोन्ही हात खालून घालून तान्ह्या बाळासारखी उचलते, कारण ओली पिसं जड असतात आणि आतल्या कप्प्यांची शिवण नाजूक. सावलीत चादरीवर आडवी पसरते आणि दर थोड्या वेळाने बोटांनी गाठी फोडते. तीन दिवस लागतात. 'वाळली का गं?' असा लेकीचा फोन येतो. वाळली, मी म्हणते. मग ती कामाला लागते आणि मी टब पालथा घालते.

आमच्याकडे घट बसवायची पद्धत नव्हती, पण दसऱ्याआधीचं धुणं चुकत नसे. घरातलं यच्चयावत अंथरूण-पांघरूण अंगणात यायचं. चुलाण्यावर पाण्याचा मोठा गंज चढायचा, त्यात धुण्याचा सोडा, आणि वाकळी त्यात शिजायच्या. मग दगडावर मोगरीने कुटायच्या. ओली वाकळ एका माणसाला पिळवत नाही, म्हणून तिचं एक टोक लिंबाच्या खोडाला वेढून अडकवायचं आणि दुसऱ्या टोकात मोगरी घालून दोर वळल्यासारखी वळायची. मग कुंपणावर उन्हात. त्या वर्षी धुण्याच्या दिवशी मी कॉलेजात होते. शेजारच्या मळ्यात पोरी भुलाबाईची गाणी घोकत होत्या, ती ऐकत मी दुपारी घरी आले, आणि फाटकातच थांबले. बोरीच्या काट्यांच्या कुंपणावर सगळ्या वाकळींच्या रांगेत माझी हिरवी बॅग टाकलेली होती. वरचा भाग चिंधीसारखा चपटा, आणि पायाकडे ओल्या मातीच्या पोत्यासारखा लोंबणारा गोळा. हौदाच्या पाण्यावर पांढरी पिसं तरंगत होती. बाजूला धुतलेल्या मेथीच्या जुड्या, त्यांवरही पिसं. आणि ओल्या कोंबडीचा वास.

बाबा हौदाच्या काठावर उभे होते. काकूने पदर नाकाला लावला होता. माय खाली बसून एकेक पीस पाण्यातून वेचत होती.

"इमल, हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"झोपायची बॅग आहे, बाबा."

"ते नाही विचारून राह्यलो. आत काय आहे?"

"पिसं."

"कायचे?"

"बदकाचे."

"कोनी मारले ते बदकं?"

सरांनी असलं काही सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. "झडलेले असतात, बाबा," मी म्हणाले.

"झडलेलेच असतीन," माय खाली बघतच म्हणाली. "वेशीपाशी कोंबड्याचे नाही का पडून राह्यत."

"कोंबड्याचं नाव नको काढू व बाई," काकू म्हणाली. "या जुड्या आता कोन घेईन? महानुभावाच्या मेथीत पीस निघालं म्हनून कारंजाभर होईन."

बाबांनी हौदाचं बूच काढलं. पाणी वाहून गेल्यावर स्वतः आत उतरून त्यांनी हौद घासला, एकदा नाही, तीनदा. त्या जुड्या त्यांनी बाजाराला नेल्या नाहीत, बैलांना घातल्या. बॅगेला त्यांनी हात लावला नाही. जाताना म्हणाले, "घरात नाही येनार हे." मी ती कुंपणावरून काढली. काट्यांनी दोन जागी फाटली होती. उरापाशी धरून शेताच्या टोकाच्या कुडाच्या खोपडीकडे निघाले. वाकळी कुटायचं-पिळायचं काम मायचं, त्यामुळे मला तिचा राग आला होता. असा राग आयुष्यात पुन्हा आला नाही.

खोपडीत बियाण्याची मडकी, फवारणीचा पंप आणि एक मोडकी खाट. तिथे मी बॅग पसरली. आतल्या कप्प्यांची शिवण पिळताना तुटली होती, त्यामुळे सगळी पिसं पायाकडे जमून त्यांच्या लिंबाएवढ्या गाठी झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तर खोपडीच्या दोन मेढींना आडव्या दोऱ्या ताणून बांधलेल्या होत्या, खाटेच्या विणीसारख्या, खालून वारा लागावा अशा. बाबांनी बांधल्या होत्या. बंडीचा दोर आवळताना ते मारत तीच गाठ होती. दसऱ्याला सहा दिवस होते आणि दसऱ्यानंतर बॅग सरांकडे न्यायची होती. कॉलेज सुटलं की मी खोपडीत जाऊन बसायची आणि कापडाबाहेरून एकेक गाठ चिमटीत धरून फोडायची. एक फुटली की दुसरी हाताला लागायची. बोटांची टोकं सोलली. तिकडे घरात दसऱ्याची सारवासारव चाललेली, आणि मी अर्ध्या एकरापलीकडे, एकटी.

तिसऱ्या दिवशी माय आली. बरोबर फडक्यात भाकर आणि ठेचा. माझ्यासमोर ती खाली बसली, बॅगेचं दुसरं टोक मांडीवर घेतलं आणि फोडू लागली. आमच्याकडे दरवर्षी कापूस पिंजायचा असायचा, तिच्या बोटांना ते काम कोणी शिकवावं लागलं नाही. माझी एक गाठ होईस्तोवर तिच्या चार व्हायच्या.

मग ती म्हणाली, "इमल, तो डाग तुहा होता नं?"

"कोनता?"

"गयापाशी. ओकारीचा." तिने वर पाहिलं नाही. "कनगीमागं झाडाले गेली तं सापडली. काकूच्या हाती लागली असती तं चार लोकांत झालं असतं. म्हनून म्या सकायीच, कोनी उठ्याच्या आधी गंजात टाकली. मले वाटलं, वाकयच आहे."

माझा सगळा राग त्या एका वाक्यात गेला आणि त्या जागी जे आलं ते रागापेक्षा सोसायला कठीण होतं.

"बिमार होती तथी?"

"दोन दिवस."

"जवय कोन होतं?"

"कोनी नाही, माय."

तिने एक गाठ फोडली, दुसरी घेतली. "अन् बर्फ कसा असते?"

चार महिने मी वाट पाहिली होती तो प्रश्न असा आला. मी म्हणाले, "मले नाही माहीत. बाकीच्या गेल्या. मी तंबूतच होतो. एकीनं मगात आनला होता, पन त्याचं पानी झालं." आणि मी रडले. हमसून, लहान पोरासारखी. मायने मला जवळ घेतलं नाही, तशी तिला सवय नव्हती. तिने भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावला आणि माझ्या हातात दिला. "खाय," म्हणाली. मग मी तिला दिवाळीनंतरच्या शिबिराचं सांगितलं. बॅग धड असली तरच नाव जाणार, हेही सांगितलं. तिने बॅग उजेडाकडे धरून पाहिली. गाठी आता बऱ्याच कमी झाल्या होत्या, पण कप्पे नसल्याने पिसं उचलली की घसरून तळाशी जात होती. "हे एका जागी राह्यले पाह्यजेत," ती म्हणाली. "राह्यतीन. मी करतो."

पुढचे तीन दिवस माय खोपडीत शिवत होती. पिसं सगळीकडे सारखी पसरून तिने डोक्यापासून पायापर्यंत, बोटभर अंतराने, धावदोऱ्याचे आरपार टाके घातले. वाकळीला घालतात तसे, कापडाच्या या बाजूने आत आणि त्या बाजूने बाहेर. हिरवा दोरा तिने कारंज्यातून मुद्दाम आणवला. फाटलेल्या दोन जागांवर तिने पानाच्या आकाराची ठिगळं लावली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने ती दोन्ही हातांनी झटकली आणि एक पीसही जागचं हललं नाही. मी तिला म्हणाले, माय, हे तं नव्यापेक्षा चांगलं झालं. आणि मला खरंच तसं वाटलं. तिने शिवलेल्या कुठल्याही वाकळीहून ते काम सुरेख होतं. ती हसली. माझ्या कामावर किंवा स्वतःच्या कामावर खूश होऊन हसणारी माय मला त्याआधीची आठवत नाही.

सोनं लुटायच्या दिवशी काकूची मावसबहीण आली होती. चहा पिता पिता तिने विचारलं, "पोट्टी हिमालयात गेल्ती म्हनतात. बर्फ पाह्यला का व?" मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "पाह्यला नाही तं काय. चालली नं त्याच्यावरून. हाताले चिकटते म्हने, मिठावानी." काकू माझ्याकडे बघू लागली. मी आपट्याची पानं निवडत राहिले.

दोन दिवसांनी बॅग घेऊन मी कॉलेजात गेले. सरांनी ती टेबलावर पसरली आणि तिच्यावर हात फिरवला. मग एक पदर उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरला. टाक्यांच्या रांगांतून उजेडाचे बारीक ठिपके दिसत होते, शेकडो.

"हे कोणी केलं?"

"आईनं."

"काम फार चांगलं आहे," ते म्हणाले. "पण विमल, पिसं फुगून राहिली तर ऊब धरतात. इथे जिथे जिथे टाका आहे, तिथे ती दबली, आणि प्रत्येक भोकातून वारा आत येईल. वरच्या थंडीत यात माणूस झोपवता येणार नाही. नुसत्या गाठी असत्या तर मोडल्या असत्या." तुटलेले कप्पे पुन्हा घालायला टाके उसवावे लागले असते, आणि उसवले तरी भोकं राहणारच होती. नावं पाठवायला चार दिवस उरले होते. सरांनी बॅगेची घडी घातली, ती माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "ही तू घेऊन जा घरी." त्यांचा सूर रागाचा नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मळ्यात परतताना मी सडकेने चालत आले. एसटीला हात केला नाही. माय हौदावर मुळे धूत होती. माझ्या काखेत बॅग पाहून तिचे हात थांबले. "काहून वापस आनली?"

सडकेभर मी जे जुळवत आले होते ते सांगितलं. "सर लय खूश झाले टाके पाहून. म्हनाले, तुह्या मायनं एवढी मेहनत केली, तुलेच ठेव. बक्षीस म्हनून."

"अन् नाव?"

"म्याच नको म्हतलं. मले थंडी सोसत नाही, माय. पुन्हा बिमार पडीन."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं केलं," आणि मुळे धुवायला लागली. हिवाळ्यात दुसरी कोणी मुलगी दुसऱ्या कोण्या कॉलेजातून त्या शिबिराला गेली असेल. मी बर्फ पाहिला नाही, पुढेही कधी नाही. लग्न झालं, नोकरी झाली, गुडघे गेले. लेकीने दोनदा नेते म्हणून सांगितलं आणि दोन्ही वेळा तिची सुट्टी रद्द झाली.

ती हिरवी पिशवी मात्र मायने जपली. माय तिला पिशवीच म्हणायची. बाबांचं नाही कायम होतं, म्हणून ती खोपडीतच राहायची. पण दरवर्षी दसऱ्याच्या धुण्यात माय ती वेगळी, सगळ्यांच्या आधी, मी सांगितल्याप्रमाणे नुसती दाबून धुवायची आणि बाबांनी बांधलेल्या दोऱ्यांवर सावलीत वाळवायची. आल्यागेल्याला सांगायची की पोरीला हे बक्षीस मिळालं. बर्फाचंही सांगायची. वर्षावर्षाने त्यात भर पडत गेली. बर्फावर पाय ठेवला की कोरड्या पानासारखा वाजतो, खाल्ला तर दात शिवशिवतात. हे सगळं तिने कुठून आणलं होतं मला माहीत नाही. माझ्यासमोर ती सांगायची आणि मी समोर बसून ऐकायची. बर्फाचं खरं काय ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आम्ही त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. माझ्या त्या दुसऱ्या, बक्षिसाच्या खोट्याचं मात्र मला समाधान होतं. ते मी एकटीने उचललं होतं आणि तिच्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं, असं मी तीस वर्षं धरून चालले.

मायच्या शेवटच्या आजारपणात मी तिला कारंज्याला माझ्याकडे आणलं होतं. बाबा आधीच गेले होते. ती दिवसचे दिवस बोलायची नाही. नुसती छताकडे बघत पडून राहायची आणि बोटं पांघरुणाच्या कडेवर शिवल्यासारखी हलायची. एका दुपारी मी तिला मऊ भात भरवत होते. दोन घास खाऊन तिने तोंड फिरवलं आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "पिशवीले म्या आरपार टाके घालाले नव्हते पाह्यजे."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला.

"कोनत्या पिशवीले, माय?" मी म्हणाले.

पांघरुणातून हात बाहेर काढून तिने माझ्या बाहीची एक उसवलेली शिवण चिमटीत धरली आणि कितीतरी वेळ ती बघत राहिली.